फुलदाणीतली फुलं: दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

आमचं फुलांचं दुकान कुडाळात. पहाटे माल येतो तो घाट उतरून. कोल्हापूरकडचा गगनबावड्याने नाहीतर फोंड्याने, बेळगावकडचा आंबोलीने. सोनचाफा, अबोली, सुरंगी मात्र इथलीच. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका टोपलीतून आणून देतात. गल्ल्यावर बसून वर्षानुवर्षं तेच प्रश्न ऐकते आणि समोर चार गिऱ्हाइकं उभी असली की अर्धवट उत्तर देऊन मोकळी होते. भाचा म्हणाला, मावशी, एकदाच काय ते सगळं लिहून टाक. म्हणून हे लिहायला बसले.

“काल नेलेली फुलां आज मान टाकून बसली गो बाय!” फुलदाणीत पाणी असूनही असं का होतं?

पाणी फुलदाणीत असतं, पण फुलापर्यंत पोचत नाही. फूल पाण्यात उभं राहून तहानेने मरतं.

देठाच्या आत केसाहून बारीक नळ्या असतात, त्यांतून पाणी वर चढतं. या नळ्या दोन कारणांनी बुजतात. फूल कापलं की कापलेल्या टोकातून हवा आत ओढली जाते आणि नळीत बुडबुडा अडकून बसतो. घाटावरून खोक्यात आडवं पडून आलेलं फूल रात्रभर कोरडंच असतं, त्यामुळे त्याच्या देठात ही हवा असणारच असं धरून चाला. दुसरं कारण जंतू. देठ कापला की त्यातला रस पाण्यात उतरतो, बुडालेली पानं कुजतात, आणि त्यावर जंतू पोसतात. मग ते आणि त्यांचा चिकट थर मिळून नळ्यांची तोंडं बंद करतात.

घरी करून बघा. फुलदाणीतला एक देठ वर काढा आणि बुडालेल्या भागावरून अंगठा फिरवा. विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखं बुळबुळीत लागलं, की त्या फुलाला पाणी मिळणं बंद झालंय असं समजा. पाणी दिसायला स्वच्छ असेल तरी. पाणी गढूळ दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

आपल्याकडे हे सगळं लवकर होतं, कारण हवा उबदार. पुण्याला नणंदेच्या घरी हिवाळ्यात आठवडाभर राहणारा गुलाब इथे एप्रिलमध्ये तीन दिवस राहिला तरी मी त्याला शाबासकी देते.

घरी नेल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

प्लॅस्टिक काढा. पुष्पगुच्छ दिसायला छान म्हणून लोक तो तसाच प्लॅस्टिकसकट फुलदाणीत उभा करतात. आत वाफ धरते आणि पाकळ्यांवर बुरशी येते.

मग पाण्यात जातील तेवढी खालची पानं खुडून टाका, एकही ठेवू नका. बादलीत पाणी घेऊन देठ पाण्याखाली धरा आणि टोकाचा दोन-तीन सेंटिमीटर भाग कापा. पाण्याखाली कापलं की हवेऐवजी पाणी आत शिरतं. पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल असं घ्या. थंड पाण्यापेक्षा ते चटकन वर चढतं. त्यानंतर तासभर फुलं सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, गळ्यापर्यंत पाण्यात उभी ठेवा आणि मगच फुलदाणीत रचा. हा तासभर कोणी देत नाही. पाहुणे दारात असतात ना!

देठ तिरका का कापायचा? ठेचला तर जास्त पाणी ओढतो म्हणतात.

तिरका कापला की टोक फुलदाणीच्या बुडाला सपाट चिकटून बसत नाही, एवढाच त्याचा खरा फायदा. तिरकेपणापेक्षा धार महत्त्वाची. बोथट कात्रीने देठ चेंगरतो. विळीवर कापला तरी चालेल, पण मासे कापायच्या विळीवर नको.

ठेचायचा मुळीच नाही. ठेचलेल्या देठात नळ्या चिरडतात आणि कुजायला जास्त जागा मिळते. जाड लाकडी फांदी असेल तर टोकाला सुरीने उभी चीर द्या.

पाणी कोणतं वापरू? आमची विहीर आहे.

विहीर कुठे आहे त्यावर आहे. आतल्या गावांत जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं, फुलांना चांगलं. किनाऱ्यालगत, म्हणजे मालवण-देवगडकडे समुद्राजवळच्या वाड्यांत, एप्रिल-मे महिन्यांत विहिरीची पातळी उतरली की पाणी मचूळ होतं. जे पाणी तुम्हाला चहाला नको वाटतं ते फुलालाही नको. खारट पाणी देठाला ओढता येत नाही आणि पाकळ्यांच्या कडा करपतात. अशा वेळी खार काढणाऱ्या आरओ फिल्टरचं पाणी घ्या.

ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, त्या वासाच्या पाण्याची भीती बाळगू नका. तेवढ्या क्लोरीनने जंतू कमी होतात, फुलाला काही होत नाही.

आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी. पहिले चार-आठ दिवस कौलं धुऊन निघू देत, मग पडवीत बादली लावा. त्याच्याइतकं मऊ पाणी विकत मिळायचं नाही.

पाणी किती दिवसांनी बदलायचं?

उन्हाळ्यात रोज. एरवी एक दिवसाआड. प्रत्येक वेळी देठाचं टोक बोटाच्या जाडीइतकं कापायचं आणि फुलदाणी आतून घासायची. नुसतं वरून पाणी ओतून भर घालणं म्हणजे खरकट्या ताटात गरम भात वाढणं.

साखर घालतात, लिंबू घालतात, कोणी ब्लीच घालतात. नेमकं काय?

तिन्ही, पण एकत्र. एकेकटं घातलं तर फायद्यापेक्षा नुकसान होऊ शकतं.

साखर हे फुलाचं अन्न. कापल्यावर पानांकडून येणारी रसद तुटते, म्हणून कळ्या उमलायला बाहेरून साखर लागते. पण तीच साखर जंतूंचीही मेजवानी. नुसती साखर घातलेलं पाणी दुसऱ्या दिवशी दुधाळ होतं. म्हणून सोबत जंतू मारायला ब्लीच. लिंबाने पाणी किंचित आंबट होतं; आंबट पाणी देठातून सहज चढतं आणि त्यात जंतूही कमी वाढतात.

माझं प्रमाण असं: एक लिटर पाण्याला एक चहाचा चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि पाव चमचा साधं, बिनवासाचं ब्लीच, म्हणजे कपडे पांढरे करायला मिळतं ते. एक सांभाळा. लिंबू आणि ब्लीच पाण्याशिवाय थेट कधी एकत्र करू नका, त्यातून घातक वायू सुटतो. आधी लिटरभर पाणी, त्यात साखर आणि लिंबू ढवळायचं, ब्लीच सगळ्यात शेवटी. पितळी फुलदाणीत हे मिश्रण घालू नका. ती काळी पडते आणि मग सासूबाई आपल्याकडे बघतात.

गुच्छासोबत छोटी पुडी मिळते, तिच्यातही साधारण हेच तीन प्रकार असतात. ती असेल तर घरचं काही घालू नका, आणि पुडीवर लिहिलेल्या मापातच घाला.

लिंबाऐवजी कोकमाचा आगळ चालेल का?

नाही. आगळात मीठ असतं. हे मला तीन वेगवेगळ्या वयनींनी विचारलंय, त्यातल्या एकीने आधी घालून बघितलं आणि मग विचारलं. पांढऱ्या शेवंतीच्या पाकळ्या आधी गुलाबी झाल्या आणि मग मेल्या.

नारळाचं पाणी? ॲस्पिरिनची गोळी? नाणं? तुरटी?

नारळाच्या पाण्यात साखर असते, पण जंतू मारणारं काही नसतं, म्हणजे वर सांगितलेलीच अडचण. ते तुम्ही प्या. ॲस्पिरिनने मला कधी फरक दिसला नाही. नाण्याची गोष्ट जुन्या तांब्याच्या पैशाची आहे. आताचे रुपया-दोन रुपये स्टेनलेस स्टीलचे, त्यांच्यातून पाण्यात काहीच उतरत नाही. तुरटी मात्र चिमूटभर चालते. तिने पाणी निवळतं आणि थोडं आंबट होतं. निशिगंधाच्या पाण्यात मी घालते.

ऑर्किड, कार्नेशन महागाची आणली आणि दोन दिवसांत मिटली. पाणीही रोज बदललं. काय चुकलं?

मी आधी विचारते, घरात आंबे आहेत का?

ही माझी स्वतःची अद्दल आहे. वैशाखातलं लग्न होतं. स्टेजसाठी कार्नेशन आणि डेंड्रोबियम ऑर्किड दोन दिवस आधी मागवली. फुलं सुरेख आली. देठ कापून बादल्यांत उभी केली आणि उन्हाची झळ नको म्हणून घरामागच्या खोलीत ठेवून दार ओढून घेतलं. त्याच खोलीत खाटेखाली गवतात हापूसची अढी होती आणि आंबे नेमके चढत आले होते. लग्नाच्या पहाटे दार उघडलं तर घमघमाट! उजेड लावला. कार्नेशनच्या पाकळ्या आत वळलेल्या, प्रत्येक फूल डोळे मिटून झोपल्यासारखं. ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून बादलीभोवती गळलेल्या. देठ परत कापले, पाणी बदललं, बर्फ घातला, काही म्हणजे काही झालं नाही. शेवटी दुकानातली सगळी शेवंती आणि झेंडू नेऊन स्टेज उभं केलं आणि निम्मे पैसे सोडले. नवऱ्याने तेवढ्या दिवसापुरते आंबे खायला नकार दिला.

कारण असं, की पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. अढीत एक आंबा पिकला की शेजारचे भराभर पिकतात ते याच वायूमुळे. आंब्याला तो पिकायला सांगतो आणि बऱ्याच फुलांना मिटायला. दार बंद असलेल्या खोलीत तो साठतो. पाणी कितीही चांगलं असो, त्याच्यापुढे काही चालत नाही.

सगळी फुलं सारखी नाहीत. कार्नेशन आणि ऑर्किड सगळ्यात हळवी. गुलाबात जातीजातीप्रमाणे फरक. शेवंती, जरबेरा, अँथुरियम यांना जवळपास काहीच होत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये घरी अढी असेल तर फुलं यांच्यातलीच घ्या, किंवा आंबे आणि फुलं वेगळ्या खोल्यांत ठेवून खिडक्या उघड्या ठेवा. माजघरात टांगलेला केळीचा घड, टोपलीतले चिकू, पपई यांनाही हाच नियम. ताज्या फुलांत एखादं सुकलेलं फूल असेल तर तेही काढून टाका. सुकणाऱ्या फुलातूनही हाच वायू येतो.

मग देवघराजवळची फुलं लवकर जातात ती यामुळेच?

थोडीफार. अगरबत्तीच्या, धुपाच्या धुरातही इथिलीन असतं, शिवाय समईची ऊब. रोज वाहिलेली फुलं संध्याकाळी काढायचीच असतात, त्यांची काळजी नको. फुलदाणी मात्र देव्हाऱ्याला खेटून ठेवू नका.

फ्रिजमध्ये ठेवली तर?

काही फुलं ठेवायची, काही अजिबात नाही.

गुलाब, शेवंती, कार्नेशन, मोगरा यांना थंडी मानवते. रात्री ठेवून सकाळी काढली तर एखाददुसरा दिवस वाढतो. पण फ्रिजमध्ये फळं असतील तर परत तेच, त्या बंद पेटीत इथिलीन कोंडतं.

अँथुरियम, ऑर्किड, हेलिकोनिया ही उष्ण प्रदेशातली. घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो आणि ही फुलं साधारण १० ते १२ अंशांच्या खाली गेली की काळवंडतात. आपल्याकडे शेडनेटमध्ये अँथुरियम होतं, ते इथल्या दमट हवेत खुशाल दोन आठवडे उभं राहतं, त्याला फ्रिज कशाला दाखवायचा?

तुळसही फ्रिजमध्ये काळी पडते. पेल्यात पाणी घालून बाहेर ठेवा.

पावसाळ्यात फुलांवर राखाडी लव येते. काय करू?

ती बुरशी. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की पाकळीवर पडलेला थेंब दिवसभर सुकत नाही, आणि बुरशीला तेवढं पुरतं. म्हणून या दिवसांत फुलांवर पाणी शिंपडू नका. ताजी दिसतात म्हणून आम्ही दुकानदार शिंपडतो, ते दुकानापुरतं. घरी नेल्यावर देठ धरून उलटी करून हलके झटका. फुलदाणी कोपऱ्यात न ठेवता जिथे हवा खेळते तिथे ठेवा, पंखा अगदी हळू. डाग पडलेली पाकळी लगेच खुडा. गुलाबाची बाहेरची एक-दोन पाकळी काढली तर कोणाला कळतही नाही.

उन्हाळ्यात उलट. समुद्राकडच्या खिडकीतून दुपारी जो वारा सुटतो तो माणसाला गोड लागतो, फुलाला नाही. त्याच्याबरोबर खारही येतो. त्या खिडकीत शंख-शिंपले मांडा.

गुलाबाची मान वाकली. आता फेकायचा का?

पाकळ्या अजून टणक असतील तर नाही. देठात हवा अडकल्यामुळे मान वाकते. गुलाब ओल्या वर्तमानपत्रात सरळ गुंडाळा, टोक पाण्याखाली कापा आणि कागदासकट कोमट पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत तासभर उभा ठेवा. दहातले सहा-सात सरळ होतात. जे होत नाहीत त्यांचं डोकं कापून पसरट वाडग्यात तरंगत ठेवा. बाहेरून हलकं दाबल्यावर फूल मऊ लागलं तर मात्र ते जुनंच होतं, तुम्हाला फसवलंय.

जरबेरा मधेच मोडतो.

पाणी कमी घाला. चार बोटं पुरे. त्याचा देठ पोकळ आणि लवदार, खोल पाण्यात पटकन कुजतो. जरबेऱ्याला पाणी जास्त झालं हेच बहुतेक वेळा त्याच्या मरणाचं कारण. बाकी फुलांबरोबर एकाच फुलदाणीत तो कधी खूश नसतो.

निशिगंध आणि ग्लॅडिओलसच्या वरच्या कळ्या उमलतच नाहीत.

खालून वर उमलतात, म्हणून खालची सुकलेली फुलं रोज खुडायची. नाहीतर दांडीतलं बळ त्यांच्यातच जातं. साखरेचा खरा उपयोग याच दोघांना. ग्लॅडिओलस आडवा पडून राहिला की शेंडा वर वळतो आणि मग सरळ होत नाही, म्हणून घरी नेतानाही उभा धरा. एसटीत अवघड आहे, मान्य.

कण्हेर, देवचाफा यांच्या देठातून चीक येतो. पाण्यात ठेवता येतात का?

येतात. चिकाने देठ बंद होतो, म्हणून कापल्याबरोबर टोक उकळत्या पाण्यात वीस-तीस सेकंद धरा, फुलाला वाफ लागू देऊ नका. चाफ्याचं नुसतं फूल असेल तर सरळ पाण्यावर तरंगत ठेवा. कण्हेर विषारी आहे, तिच्या फुलदाणीचं पाणीसुद्धा. लहान मूल किंवा मांजर घरात असेल तर ती बाहेर कुंपणावरच शोभते.

परसातली फुलं किती टिकतात? जास्वंद तर संध्याकाळी मिटते.

जास्वंदीचं आयुष्यच एक दिवसाचं. पाण्यात ठेवा नाहीतर नुसती ताटलीत ठेवा, फरक पडत नाही. संध्याकाळी पाहुणे असतील तर एक युक्ती: सकाळी पूर्ण उमललेली फुलं काढून डब्यातून फ्रिजमध्ये ठेवा आणि पाहुणे यायच्या आधी बाहेर काढा. रात्रीपर्यंत उघडी राहतात.

सोनचाफा पहाटे अर्धवट मिटलेला काढायचा. पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग उठतो, म्हणून धरायचा तो देठाशी. डब्यात ओलसर फडकं, त्यावर फुलं एका थरात, झाकण लावून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशीपर्यंत पिवळा राहतो. अनंताचंही असंच. तो तर चाफ्यापेक्षाही नाजूक, नुसतं नाक लावलं तरी डागाळतो.

सोनटक्क्याची एक-एक पाकोळी एका दिवसाची, पण दांडीवर कळ्या ओळीने असतात. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला सोनटक्का असतो ना, त्याची कळ्यांची दांडी दुपारी कापून पाण्यात ठेवा, दिवेलागणीला पहिली फुलं उघडतील. चार-पाच दिवस रोज नवी. मला विचाराल तर पावसाळ्यात घाटावरचा गुलाब घेण्यापेक्षा ही दांडी लावावी. हे मी दुकानदार असून सांगते.

वळेसर, म्हणजे केसांत माळायचा गजरा, रात्रीचा घेऊन सकाळी लग्नाला घालायचा आहे. कसा ठेवू?

कसला वळेसर आहे ते सांगा.

अबोलीचा असेल तर निर्धास्त राहा. तिला वास नाही, पण तिच्यासारखी टिकणारी दुसरी नाही. केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीच्या दोऱ्यात, गुंफलेला असेल तर आणखी चांगलं, ते सोपट स्वतःच ओल धरतं. केळीच्या पानात गुंडाळून पडवीत ठेवला तरी सकाळी तसाच.

मोगऱ्याचा गजरा कळ्यांचा घ्या, उमललेला नको. भिजवू नका, पाणी लागलेली कळी तपकिरी होते. घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा फ्रिजमध्ये. घालायच्या तासभर आधी बाहेर काढा, म्हणजे उमलेल आणि वास सुटेल.

सुरंगीचा असेल तर तो जपायची भानगडच नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याकडून येते ती. झाडावर चढून पहाटे कळ्या काढतात, ऊन वर आलं की फूल फुटतं आणि मग गुंफायला येत नाही. सुकत जाते तसा तिचा वास उतरत नाही, उलट गडद होतो. ओवळाची, म्हणजे बकुळीची, तीच तऱ्हा. सावलीत वाळवा आणि साड्यांच्या घडीत ठेवा.

गणपतीत पत्री आणि माटवीचं, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या लाकडी चौकटीचं, सामान कसं टिकवायचं?

दुर्वा धुऊन ठेवू नका, पूजेआधीच धुवा. ओलसर फडक्यात सैल जुडी, वर केळीचं पान. बेल, शमी, आघाडा यांचंही तेच. तेरड्याची गौर आणतात तेव्हा मुळांसकट आणावी आणि मुळांना ओली माती बांधावी. कापलेला तेरडा तासाभरात लोळतो.

माटवीला कवंडळ, शेरवड, हरण, कळलावी बांधतात. कवंडळ फळ असल्याने विसर्जनापर्यंत तसंच राहतं. फुलं आणि पालवी मात्र आदल्या संध्याकाळी काढून रात्रभर पाण्याच्या बादलीत उभी ठेवा आणि सकाळी बांधा. सरळ रानातून आणून बांधली तर आरतीपर्यंत माना लोंबतात. कळलावी दिसते देखणी, पण सगळी विषारी, कंद सर्वात जास्त. हात धुवायला विसरू नका.

दसऱ्याचा झेंडू दोन दिवस आधी स्वस्तात घेतला तर राहील?

राहील, पिशवीतून काढलात तर. झेंडू ढिगात तापतो आणि खालून कुजतो. वर्तमानपत्रावर एका थरात पसरा, सावलीत, वर काही झाकू नका. ओला असेल तर आधी पंख्याखाली सुकवा. फुलदाणीत ठेवायचा असेल तर पाणी रोज बदला. झेंडूच्या देठाइतकं पाणी दुसरं कोणी घाण करत नाही.

फुलं खोचायला हिरवा स्पंज मिळतो तो घेऊ का?

घेऊ नका असंच मी सांगते, दुकानात असला तरी. तो प्लॅस्टिकचाच प्रकार, कुजत नाही, हाताने चुरला की बारीक भुगा होऊन पाण्याबरोबर ओढ्यात जातो. शिवाय देठ एकदा खोचून वर ओढला की खाली पोकळी राहते आणि फुलाला पाणी लागत नाही.

आपल्याकडे केळीचा खुंट आहे की! घड उतरवल्यावर केळ तोडतातच. तिचा वीतभर तुकडा कापा, बूड सपाट करून परातीत उभा किंवा आडवा ठेवा आणि जाड खिळ्याने भोकं पाडून त्यांत देठ खोचा. खुंट पाण्याने भरलेला असतो, दोन-तीन दिवस आरामात निघतात. रस कापडावर पडू देऊ नका, तो डाग मरेपर्यंत जात नाही. माझ्या एका चांगल्या इरकलीवर आहे.

साखरेच्या पाण्याला मुंग्या लागतात.

फुलदाणी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवा. आणि मग त्या ताटलीतलं पाणीही रोज ओता, कारण पुढचा प्रश्न तोच आहे.

फुलदाणीत डासांची अळी दिसली. पाणी तर बदलते.

पाणी बदलता, पण घासत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवतो. पाणी ओतलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडून महिनोन् महिने टिकतात आणि परत पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून फुलदाणी आतून ब्रशने घासायची.

गळा अरुंद असेल आणि हात जात नसेल तर मूठभर जाडे तांदूळ, चमचाभर भांड्यांचा साबण आणि थोडं पाणी आत घाला, तोंडावर तळवा दाबून धरा आणि दोन मिनिटं जोरात खळखळवा. तांदूळ आतला बुळबुळीत थर खरवडून काढतात. ओतल्यावर पाण्याचा रंग बघाल तेव्हा तुमचे आधीचे गुलाब कशाने गेले ते कळेल.

सुकलेली फुलं कुठे टाकायची?

माडाच्या आळ्यात. त्याआधी गुच्छाची तार, टाचण्या, रिबिन आणि हारातला नायलॉनचा दोरा काढा. सोपटात गुंफलेला वळेसर असेल तर काहीच काढायचं नाही, जशाचा तसा टाका.